कड्याखालची प्रदक्षिणा

आई, परवा हरिहरेश्वरला जाऊन आलो. तुझ्या अस्थी मामाने तिथेच सोडल्या, मी शाळेत होतो, मला कोणी नेलं नाही. इतक्या वर्षांत दहिसरहून कधी निघालो नाही, आणि निघालो ते एका मुलीला बाइकवर मागे बसवून. कॉलेजमधली. ती पास होऊन नोकरीला लागली, मी दुसऱ्या वर्षाला सरांची कॉलर धरली आणि परत गेलोच नाही. तू पोळी-भाजी केंद्रात पोळ्या लाटायचीस तेव्हा मी कुणाशी तरी भांडून आलो की पिठाच्या हाताने मला दाराबाहेर ढकलायचीस. "तुझं डोकं म्हणजे गॅसवर विसरलेला रिकामा तवा. जा, निवव आणि मग ये." अजून तसंच आहे. तिला म्हटलं होतं, चल, आईला भेटवतो. खरं तर तिथे लग्नाचं विचारणार होतो.

देवळामागून टेकडी चढायची, मग कड्याच्या फटीतून पायऱ्या थेट समुद्राकडे उतरतात. वाऱ्याने उडते म्हणून तिने ओढणी दातांत धरलेली. मी विचारणार, तर ओढणी सोडून तीच म्हणते, "ऐक ना, घरच्यांनी मुलगा बघितलाय. मी हो म्हटलंय. चिडू नको हां." मी चिडलो नाही. तुला खोटं वाटेल. आत काही हललंच नाही. "चल, परत जाऊ," म्हटलं आणि वळलो, तर माझी बाही धरून म्हणते, "वेडा आहेस का? प्रदक्षिणा अर्धी सोडत नाहीत. तुला ना, सगळं अर्धंच टाकायचं असतं." मग उतरलो. ओहोटी होती, वाट मोकळी होती. लाटांनी पोखरून मधाच्या पोळ्यासारखा झालेला तो कडा, लोक त्याला टेकून फोटो काढत होते. मी शेवाळावर तिला हात देत होतो. ती घेत होती, मग सोडत होती.

जिथून अस्थी सोडतात तिथे ती थांबली. चपला काढल्या, हात जोडले, तुला काहीतरी पुटपुटली. वळली तर माझे गाल ओले. मला कळलंही नव्हतं.

"आईची आठवण आली ना रे?" माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली.

हे कुठल्या पत्त्यावर जाणार नाही, म्हणून लिहितो. मी "हो" म्हटलं. तिने हात अजून थोडा वेळ ठेवावा म्हणून. तुझा चेहरा तेव्हा मला आठवतही नव्हता, आई.