खंडेनवमीची लाकडी तलवार

आबा, तुम्ही जाऊन चाळीस वर्षं झाली. पण तुमच्या फुशारकीचा निकाल परवा लागला, तोही माझ्या अवसरीच्या घरी, ओसरीवर, एका मासळीवालीच्या तोंडून.

दर खंडेनवमीला तुम्ही विळे, कोयते, कुऱ्हाड मांडायचे आणि सगळ्यांच्या वर ती काळी लाकडी तलवार. पहिलं हळदकुंकू तिला. मग मिशीवर हात फिरवून सांगायचे, माझा आजा गोऱ्याच्या पलटणीत होता, जहाजात बसून अंदमानाकडच्या बेटावर गेला. तिथल्या रानटी लोकांनी गोऱ्याची माणसं मारली, म्हणून त्यांना धडा शिकवायला सरकारनं फौज धाडली. आज्यानं झोपड्या जाळल्या, होड्या फोडल्या, आणि त्यांच्या सरदाराच्या हातातून ही तलवार हिसकली. मी दहा वर्षांची असेन. मी विचारते, "आबा, त्यांच्याकडं बंदुका व्हत्या का?" तुम्ही म्हणता, "नाय. तिरकामठे." "मग ती लढाई कशी?" पुढचं उत्तर माझ्या कानाखाली बसलं. आई चुलीपुढून म्हणाली, "जेवायच्या टायमाला असलं इचारू नये." जेवण झाल्यावरही कुणी सांगितलं नाही.

आता तुमच्या धाकट्या लेकानं माहेरी पेठला शाळेपुढं आज्याच्या नावाची कमान बांधलीय. दसऱ्याला पाहुणे येणार, तलवार काचेच्या पेटीत बसणार, आणि थोरली म्हणून आज्याचा पराक्रम मी सांगायचा. भावजयीला नव्या बंगल्यात ते जुनं लाकूड नको होतं, म्हणून इतकी वर्षं माझ्याकडं पडलेलं. परवा तेल लावत बसले होते, तर डिंभ्याच्या धरणावरची मासळीवाली टोपली उतरवून बघतच राहिली.

"आजे, वल्ह्याला कशाला तेल लावतीस? होडी घेतलीस का काय?"

"तलवार हाय ती."

"धार कुठंय हिला? वल्हं हाय हे, अन् ते बी लेकराचं. आमी पोरींना असलंच बारकं करून देतो, हात बसावा म्हणून."

बघा तुमचा पराक्रम. एवढं जहाज, एवढ्या बंदुका, एवढा समुद्र, आणि आज्यानं जिंकून आणलं काय, तर लेकराचं वल्हं. होडी फोडली ती फोडली, वर हेही उचललं. ज्यांच्या वाळूवर परके उतरले त्यांनी ते हाकलले, एवढाच त्यांचा गुन्हा. आपल्या बांधात कुणी तंबू ठोकला असता तर तुम्ही काय त्याला चहा पाजला असता? आणि गोरा तरी कसला शूर, लांब जहाजावर उभा राहून आपल्याकडच्या पोटार्थी माणसाच्या हातात पेटता काकडा देणारा. त्याला निदान बेट पाहिजे होतं. आज्याला काय मिळालं? आणि समुद्र कधी न बघितलेले आपण, ते समोर मांडून नैवेद्य दाखवत बसलो.

काल भावाचा फोन आला. मी सांगितलं, वाळवी लागली होती, चुलीत घातली. "तायडे, घराण्याची अब्रू जाळलीस तू," म्हणाला. मी ऐकून घेतलं. वल्हं कणगीमागं आहे. तुम्हाला एवढं तोंड वर करून लिहितेय, पण त्याला खरं सांगायला जीभ उचलली नाही. पेठला लोक आपल्याला हसतील, ही भीती वाटली. शेवटी तो म्हणाला, "तलवार नसंना, गोष्ट तरी सांग." हा कागद माझ्यासारखेच प्रश्न विचारणाऱ्या माझ्या नातीच्या हाती लागू देणार नाही, कारण मी त्याला हो म्हणून बसलेय.