उलथन्याने खरवडलेली रेघ

३ मे

मोडला सौदा! विक्रम जगतापांना फ्लॅट पसंत, किंमत पसंत, आणि बँकेने कर्ज नाकारलं. "सोसायटी पुराच्या नकाशात लाल आहे, काकू." लाल म्हणे!

बाणेरहून आमोदचा फोन — "आई, किंमत कमी कर, पण विक आणि इकडे ये." गेल्या पुरात दिवे गेले, लिफ्ट बंद. गुडघे असे, म्हणून चौघांनी मला खुर्चीत बसवून होडीत नेलं. अख्खं कर्वेनगर बघत होतं. ती वरात पुन्हा नको. विकायचंच आहे. पण मातीमोल नाही!

५ मे

बँकेत जाऊन भांडले. कुठल्या इमारतीला पुराचा धोका किती, हे तिथे सलोनी नावाची मुलगी ठरवते. तिने सगळं ऐकून घेतलं, पाणी दिलं आणि म्हणाली, "नदी मला हलवता येत नाही, काकू. मीटर आणि पंप तुम्हाला हलवता येतील." पार्किंगमधले विजेचे मीटर आणि पाण्याचा पंप पुराच्या वर नेले तर लाल शिक्का निघेल. त्या कामाला सोसायटीला बँकच कर्ज देईल. गोड बोलत नाही, ते आवडलं.

९ मे

सलोनी पाहणीला आली. "पाणी कुठवर आलं होतं?"

"घोट्यापर्यंत," रंगनाथराव म्हणाले. आमचे सेक्रेटरी. घोट्याएवढ्या पाण्यात होडी चालते का हो? माझ्या समोरचा त्यांचा फ्लॅटही विकायला काढलाय. म्हणून तर दर पुरानंतर पार्किंगच्या भिंतीला रंग! गिऱ्हाइकाला चिखलाची रेघ दिसायला नको.

तडक वर गेले, उलथनं घेऊन आले आणि भिंत खरवडायला लागले. क्रीम रंगाचे पापुद्रे निघाले — आणि सापडली! माझ्या खांद्याशी. सलोनीने टेप लावली.

"परवाच रंग मारला होता," रंगनाथराव एवढंच बोलले.

१ जून

सोसायटीची सभा.

"रेघ तशीच ठेवली तर फ्लॅट कोण घेणार?" — रंगनाथराव.

"लपवून तरी कोण घेतंय?" — मी.

हशा! ठराव मंजूर! मीटर आणि पंप पहिल्या मजल्यावर, सोसायटीच्या ऑफिसात. म्हणजे रंगनाथरावांची खुर्ची गेली. बिचारे.

२४ जुलै

मीटर आणि पंप वर चढले. भिंतीवर त्या चिखलाच्या रेघेवरच लाल रेघ मारली. मीच मारली. जरा वाकडी आलीय.

१९ ऑगस्ट

धरणातून पाणी सोडलं. दुपारपर्यंत पार्किंग भरलं, रेघेच्याही वर चार बोटं. पण मीटर त्याहून कितीतरी वर — दिवे चालू! पंखा चालू! नळाला पाणी! शेजारची सोसायटी अंधारात.

होडीवाले खालून ओरडले, "कुणाला न्यायचंय का?"

"नाही! चहा घेता का?" गॅलरीतून दोरीने टोपली सोडली, त्यात थर्मास. त्यांनी त्याच टोपलीतून आपले फोन चार्जिंगला वर पाठवले. इतकी हसले मी!

जिन्यात रंगनाथराव भेटले. "रेघ जरा खालीच मारलीत तुम्ही."

३० ऑगस्ट

शिक्का निघाला! आता इथल्या फ्लॅटना कर्ज मिळणार. आमोद खूश — "आई, जाहिरात देऊ?" दे म्हटलं.

संध्याकाळी गॅलरीत बसले. नदी शहाण्यासारखी वाहत होती.

६ सप्टेंबर

सलोनी आली. बँकेच्या कामाला नाही. घरभर फिरली, गॅलरीत उभी राहिली.

"काकू, जाहिरात पाहिली. हा फ्लॅट मी घेतला तर?"

नदीकाठचा सगळा नकाशा जिच्या हातात, तिला हेच घर हवंय! उद्या सांगते म्हटलं.

७ सप्टेंबर

सलोनीला फोन केला. माझा मिळणार नाही. समोरचा घे, रंगनाथरावांचा. शेजारीण चांगली आहे.