नातीला क्रेनवरून उतरवायला गेले त्याची हकिकत

चिरंजीव धाकट्यास,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. तुझी कंबर, तुझ्या बायकोचा खोकला आणि तुमच्या न्हाणीघरातला गळका नळ या तिघांनाही आता उतार पडला असेल असं धरून चालते. माझं विचारशील तर गुडघे सोडून सगळं जागच्या जागी आहे, आणि जीभ तर पहिल्यापेक्षा बरी चालते. माझं मागचं पत्र तू लाल शाईनं चुका काढून परत पाठवलंस, ते पोचलं. तू हेडक्लार्क होऊन रिटायर झालेला, मी दुसरीतून शाळा सोडलेली, तेव्हा तुझा हक्कच आहे. पण या वेळी हात आवर. मजकूर मोठा आहे, दौत पुरायची नाही.

तर विषय तुझ्या हुकमाचा. माझ्या नातीनं क्रेन चालवणं सोडावं, तुझ्या जुन्या ऑफिसात दारापाशी बसून टेलिफोन घ्यायची जागा तू तिच्यासाठी धरून ठेवली आहेस, आणि सोमवारपर्यंत होकार कळवावा, असं तू लिहिलंस. तिचा बाप गेल्यावर बोट धरून तिला शाळेत नेलंस ते तू, त्यामुळे पोरगी तुझ्या शब्दाबाहेर नाही. पत्र वाचून एवढंच म्हणाली, "मामाआजोबा म्हणत असतील तर उतरते." (मग दोन दिवस ताटातलं नुसतं चिवडत बसली. हे तुला कळवायचं नाही असं तिनं बजावलंय, म्हणून कंसात लिहिते.)

खरं सांगायचं तर तेव्हा मी तुझ्याच बाजूची होते. मला वाटायचं क्रेन म्हणजे मोठी मोटारगाडी असेल, पुढे सोंड असलेली. तरी बाईमाणसानं कशाला, हा माझाही सवाल होताच. सोमवारपर्यंत कशाला थांबायचं, मी आत्ताच वेणीला धरून घेऊन येते, असं सुनेला ठणकावलं आणि बुधवारी डब्याचं निमित्त करून निघाले.

साइटच्या फाटकावर एक पहारेकरी आहे. त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि हेल्मेट पुढे केलं. ते माझ्या अंबाड्यावर बसेना. अंबाडा सोडला तर ते नाकावर आलं. शेवटी त्यानं पट्टा हनुवटीखाली असा आवळला की मला अर्ध्याच तोंडानं बोलता येऊ लागलं (तुला हे ऐकून किती सुख झालं असेल ते मी जाणून आहे). वर एक केशरी चमकतं जाकीट चढवलं. माझ्या लग्नातसुद्धा मला इतकं कुणी नटवलं नव्हतं. मग मला एका पिवळ्या रेघेमागे उभं केलं आणि बजावलं, आजी, ही रेघ ओलांडायची नाही.

"माझी नात कुठाय?" मी विचारलं. त्यानं बोट वर केलं. मी मान वर केली. अजून वर केली. हेल्मेट मागे घसरलं, तरी क्रेन संपेना. धाकट्या, ती मोटारगाडी नाही रे. लोखंडाची शिडी उभी करावी आणि ती ढगात विसरून जावी, तसं ते आहे. अगदी वर काड्यापेटीएवढी काचेची खोली, आणि त्या काड्यापेटीत आपली पोरगी. तीच, जिला लहानपणी माळ्यावरून उतरता येईना म्हणून तू स्टूल आणलं होतंस. खोलीच्या जमिनीलाही काच आहे म्हणे, पायाखालचं दिसावं म्हणून. मी तिथल्या तिथे पिवळ्या रेघेवर बसले.

रेघेपलीकडे एक भरघोस मिश्यांचा सिग्नलवाला उभा होता. हा खालून हातानं खुणा करतो आणि त्याप्रमाणे वरची भार हलवते. तो अंगठा वर करी, मूठ मिटी, बोट गरगर फिरवी, आणि सळ्यांचा गाडीएवढा भारा हवेतून त्याच्या बोटाबरोबर चाले. मी बराच वेळ बघितलं. मग मला वाटलं, हा नुसते हात हलवतो तर पोरीला कळतं, मग मी का नाही? जेवायची वेळ झाली होती, डबा निवत होता. मी उठले आणि दोन्ही हात वर करून जोरजोरात हलवले.

सगळं थांबलं.

भारा हवेत थांबला, क्रेनची सोंड थांबली. खाली तीस-चाळीस माणसं होती, ती हातातलं हातात धरून थांबली. कुणीतरी दगड कापत होता, त्याचं यंत्रही बंद झालं. मला आधी वाटलं, आपल्या घराण्याचा वचक आहे. तेवढ्यात एक इंजिनिअर तणतणत आला. दोन्ही हात वर म्हणजे धोका, सगळं जागच्या जागी थांबवा, अशी ती खूण निघाली. बाकीच्या खुणा फक्त सिग्नलवाल्याच्या चालतात, ही मात्र कुणाचीही चालते. इंजिनिअरनं सिग्नलवाल्याच्या कमरेचा वॉकीटॉकी ओढून घेतला आणि म्हणाला, "चालू करा, खाली कुणी म्हातारी आहे, उगाच हात करतेय."

आणि त्यातून वरच्या आपल्या पोरीचा आवाज आला. घरात मीठ मागतानासुद्धा तो एवढा शांत नसतो. "साहेब, थांबा म्हणजे थांबा. आधी कारण कळू द्या. भाऱ्याखाली कुणी गेलंय का, बांधलेला पट्टा सुटलाय का, बघून घ्या. मग सिग्नलवाले काका सांगतील तेव्हा हलवीन."

इंजिनिअर गप्प झाला. (पुरुषमाणसाला असं गप्प झालेलं मी आमच्या ह्यांच्यानंतर पहिल्यांदाच बघितलं, आणि ह्यांना ऐकू कमी यायचं.) दोन माणसं जाऊन प्रत्येक पट्टा तपासून आली. मग वहीत नोंद करायची म्हणून मला कारण विचारलं. मी काय सांगणार? जेवण, म्हणाले. त्यानं तसंच लिहिलं. मिश्यांआड सिग्नलवाला हसत होता, पण हात सरळ ठेवून.

पुढचं मी कुणाला सांगितलं नसतं, तुला सांगते. एक भलामोठा खांब उचलून भिंतीपलीकडच्या चार खिळ्यांवर बसवायचा होता. वरून तिला ती जागा दिसतच नव्हती. सिग्नलवाला भिंतीशी जाऊन वॉकीटॉकीत नुसतं बोलत होता: एक हात खाली. वीतभर. चार बोटं. दोन. टेकव. आणि तो खांब, सासू झोपलेली असताना सून पातेल्यावर झाकण ठेवते ना, तसा बसला. आवाज नाही. मी पन्नास वर्षं झाकणं ठेवली, मला माहीत आहे ते किती अवघड असतं. मला तोंड मिटायचं भान राहिलं नाही, आणि त्या पट्ट्यामुळे ते नीट उघडतही नव्हतं.

सिग्नलवाला येऊन शेजारी टेकला. म्हणाला, "ती पहिल्या दिवशी वर चढली तेव्हा मी पोटदुखीची रजा टाकली होती, आजी. बाईच्या हाताखाली उभं राहणार नाही म्हटलं. आता ती रजेवर असली की माझं पोट खरंच दुखतं."

जेवायच्या सुट्टीत ती उतरली. दोनशेच्या वर पायऱ्या, उभ्या. माझ्यासमोर येऊन बसली, डबा उघडला, आणि म्हणाली, "मला घेऊन जायला आलीस ना?"

"हो," मी म्हणाले. खोटं का बोला?

"मग ने. पण तिथे वर मला कसं वाटतं ते एकदा विचार तरी."

मी विचारलं. तिनं हातातला घास संपवला. म्हणाली, "खाली सगळे मला सांगतात कुठे उभी राहू. वर मी सांगते, आणि सगळे नीट उभे राहतात."

मी डबा घासूनपुसून परत आणला. तिला आणलं नाही.

तू शहाणा, मोठ्या हुद्द्यावरून उतरलेला. तू म्हणशील ते आम्हाला मान्य असतंच. प्रकृतीस जप, जिन्यात पळू नकोस.

तुझी,
थोरली

ता.क. टेलिफोनची जागा वाया घालवू नकोस. आमच्या नातवाला दे. मुलगीच हवी असं तुझं ऑफिस म्हणेल, कारण आवाज गोड लागतो. याचा आवाज बहिणीपेक्षा गोड आहे, आणि कुणी फोनवर आरडाओरडा केला तरी हा पुन्हा "नमस्कार, बोला" म्हणतो. मी रोज करून बघते. सकाळी वेळेवर उठतो आणि टेबल आवरून ठेवतो, एवढी गुणी मुलगी तुम्हाला मिळायची नाही.

पुन्हा ता.क. आज सोमवार. हे पत्र मी पाच दिवस लिहितेय. सकाळी पोरगी कामावर राजीनामा द्यायचा म्हणून कागद घेऊन बसली होती. मला ते बघवेना, म्हणून तुझ्या नावानं एक पत्र मी काल लिहून ठेवलं होतं ते तिच्या हातात दिलं. तुझ्यासारखंच लिहिलं: हुकूम मागे घेतला आहे, क्रेन सोडू नये, कळावे. खाली तुझी लफ्फेदार सही.

तिनं दोनदा वाचलं. म्हणाली, "आजी, मामाआजोबा 'हुकूम'चा हु दीर्घ काढत नाहीत." तिनं राजीनामा फाडला, माझं पत्र घडी घालून जाकिटाच्या खिशात ठेवलं आणि कामाला गेली. आता ती वर आहे, माझ्या खोट्या कागदावर. तेव्हा उलट टपाली तोच मजकूर तुझ्या हातानं लिहून पाठव. लाल शाईनं लिहिलास तरी चालेल.