धाकट्या भन्तेंना, पासवर्डबद्दल

आदरणीय धाकटे भन्ते यांच्या चरणी,

थोरल्या बहिणीचा गुडघे टेकून तीनदा नमस्कार. डोंगरातल्या विहारात आपली प्रकृती ठीक असेल, डास फार नसतील, एक वेळच्या जेवणाने पित्त उसळत नसेल, अशी आशा आहे. इकडे फ्रे गावात सगळे ठीक आहेत. मी ठीक नाही. माझं डोकं फिरलंय, आणि ते तुझ्यामुळे, म्हणजे आपल्यामुळे. (थोरल्या भन्तेंनी हे पत्र आधी वाचलं तर क्षमा करावी. चीवर घातलेल्या माणसाला अरेतुरे करू नये हे मला कळतं, पण याचं शेंबडं नाक मी पुसलेलं आहे.)

परवाच्या वादळात वीज गेली, आली, परत गेली, आणि आपण घरी ठेवून गेलेला संगणक तेव्हापासून सुरू होईना. बटण दाबलं की ‘दुरुस्तीची तयारी चालू आहे’ म्हणतो, ठिपके गोल गोल फिरवतो, आणि दमला की पुन्हा पहिल्यापासून तेच. शेजारच्या प्रायूंग मावशीने सुचवलं म्हणून अंगणातल्या वास्तुदेवतेपुढे लाल सरबताची बाटली ठेवली, नळी घालून. सरबत देवता प्यायली की मुंग्या, देव जाणे. संगणक होता तस्साच. शेवटी ते धूड मोटारसायकलला बांधून बाजारात थनेतच्या दुरुस्तीच्या दुकानात नेलं. त्याने त्यात कसलीशी कांडी खुपसून निळा पडदा आणला आणि गोड हसून म्हणाला, “ताई, पासवर्ड आठवा, नाहीतर सगळं पुसून टाकू. एकदम नव्यासारखा होईल बघा.” त्याला मी काय बोलले, ते पंचशील पाळणाऱ्या माणसाला लिहिता येत नाही. कांडी माझ्या हातात देऊन त्याने मला घरी पाठवलं.

पुसून टाकू म्हणे! आत आई आहे. शेवटच्या उन्हाळ्यात खाटेवर पडल्या पडल्या तिने आपल्या सगळ्या कालवणांच्या कृती बोलून ठेवल्या आणि तू त्या तिच्याच आवाजात भरून घेतल्यास. दहनाच्या दिवशी पाहुण्यांना वाटायच्या पुस्तकात त्याच छापायच्या, ही तिची इच्छा. (“सूत्रं छापू नका, लोक रद्दीत घालतात. माझी मिरचीची चटणी छापा, ती कोणी टाकणार नाही.”) आई देवळात शवपेटीत दहनाची वाट बघतेय, छापखानेवाला फोन करकरून जीव खातोय, आणि एकुलती एक प्रत या डबड्यात. दुसरी काढून ठेव म्हटलं तेव्हा आपण काय म्हणालात? “ताई, साठवण हा मोह आहे.” मग डोकं भादरलं, फोन माझ्या हातात दिला आणि झालात मोकळे. धन्य आहे आपली.

बरं, जाताना गाडीत चढता चढता सांगितलंत काय, तर “पासवर्ड ना? आईचं नाव.” अरे, पण कोणतं? आई जन्मली बुनरुआंग. काविळीतून उठली तेव्हा ज्योतिषाने तिची सिरिकन्या केली. सैन्यभरतीच्या सोडतीत तुझी लाल, म्हणजे जावंच लागणारी चिठ्ठी निघाली, तेव्हा घाबरून ती नत्थया झाली. (सरकारदरबारी तिची कागदपत्रं तीन बायकांची वाटतात.) घरात सगळे तिला मू म्हणायचे, म्हणजे डुकरी, आणि ते तिला सगळ्यांत आवडायचं. सगळी नावं घालून पाहिली. पुढे जन्मसाल लावून, मागे लावून, लहान अक्षरांत, मोठ्या अक्षरांत. दर वेळी ‘चुकीचा पासवर्ड’. माझ्या आईचं नाव चुकीचं म्हणणारा हा कोण लागून गेला? वर मलाच म्हणतो, थोडं थांबा आणि मग प्रयत्न करा. आपला शिष्य शोभतो.

तेव्हा मौनात असाल तर कागदावर लिहा, आणि विहाराचं सामान न्यायला येणाऱ्या गाडीबरोबर पाठवा. उत्तर आलं नाही, तर प्रवचनाच्या वेळी पहिल्या रांगेत बसून सगळ्यांदेखत मोठ्याने विचारीन.

आपली नम्र (इलाज नाही म्हणून),
विलायवान

ता. क. गाडी अजून आली नाही, म्हणून पाकीट फोडून लिहितेय. प्रायूंग मावशी कुंपणापलीकडून म्हणाली, “अगं, आईचं नाव म्हणजे तिचं स्वतःचं, का तिने ठेवलेलं?” मी आधी तुझं घातलं. नाही. मग माझं घरातलं घातलं. उंग. बेडकी. शाळेत मी ज्याचा कोणाला पत्ता लागू दिला नव्हता, ते. आणि उघडला. माझंच नाव ठेवायचं होतं तर तसं तोंडाने सांगायला काय झालं होतं, मेल्या?

आणखी एक. वरची मागणी रद्द. आता कृती उतरवून छापखान्यात द्यायच्या, म्हणजे आधी आईला ऐकायला हवं. सुरुवातीलाच ती खोकते आणि मी बंद करते. आत्तापर्यंत तेवढंच ऐकलंय. मला एकटीला जमत नाही रे. थोरल्या भन्तेंची परवानगी काढून चार दिवस घरी ये. बाईने भिक्षूला हात लावायचा नसतो, माहीत आहे मला. प्रायूंग मावशीला मधे बसवेन, मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसेन. तू नुसतं बटण दाब.