चिमट्याचा जोड

आण्णा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मनातल्या मनात तुमच्याशी लय भांडले, पण कागद घेऊन कधी बसले नाही. आज बसलेय, कारण परवा तुमच्या फौजी पुतण्याला, माझ्या चुलत दादाला, मी खरं सांगून टाकलं. त्याच्या गाडीचा जो जोड तुटला, तो तुमच्या हातानं नाही, माझ्या हातानं बिघडला होता. एकवीस वर्षं लागली मला हे एक वाक्य तोंडातून काढायला. तुम्ही असता तर म्हणाला असता, "आता कशाला उकरून काढलंस गं?" सांगते.

विश्रामबागेच्या पलीकडं माझं शेड आहे, ते तुम्ही बघितलं नाहीत. पोटापाण्याला गेट, जिने, ग्रिल करते आणि जिवाला बरं वाटावं म्हणून मोटरसायकली बांधते. लोक जुनी गाडी आणतात, मी इंजिन तेवढं ठेवते आणि चेसी, मागचं चाक धरणारा चिमटा, शॉकअपच्या बैठका, सगळं घरी पाईप वाकवून करते. "कंपनीनं चांगली केल्याली गाडी मोडायची आन् परत करायची, ह्याला काय डोकं म्हणायचं?" असं तुम्ही नक्की म्हणाला असता आणि मग स्वतःच काटकोन बघायचा गुण्या घेऊन खाली बसला असता. गेल्या दिवाळीनंतर दादा आला. डावा गुडघा वाकत नाही, गिअर डाव्या पायाला, त्यामुळं त्याला कुठलीच गाडी चालवता येत नाही. "मला रानापातूर जायाला एक गाडी करून दे," म्हणाला. "हातानं गिअर पडंल अशी. सीट खाली घे, आन् मागं मऊ ठेव, खड्ड्यात आदळली की कंबर धरती." मी हो म्हणाले. नाही म्हणायला मला तोंडच नव्हतं.

त्याची पहिली गाडी आपल्या रहिमतपूरच्या शेडात झाली होती, आठवतं ना? तुम्ही उसाच्या ट्रॉल्या करायचा. तुमचे दोन कायदे होते आणि ते मोडलेले तुम्हाला अजिबात खपायचे नाहीत. वेल्डिंगवर ग्राइंडर मारायचा नाही आणि नवी ट्रॉली उसाची एक खेप करून आल्याशिवाय तिला रंग लावायचा नाही. "घासला की जोड कच्चा पडतो, आन् रंगाखाली चीर दिसत न्हाई," म्हणायचा. गिऱ्हाईक कुरकुरायचं, बिनरंगाची ट्रॉली दारात उभी करायला लाजायचं, पण तुमचं आपलं तेच. दादा फौजेतून सुट्टीवर आला आणि मागं लागला, जुन्या गाडीला लांब चिमटा आणि रुंद चाक बसवून द्या म्हणून. मी एकोणीस वर्षांची. पाईप मी कापले, धरून ठेवायचे टाके मी मारले, पक्कं वेल्डिंग तुम्ही केलंत. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी तुम्ही ट्रॉली पोचवायला गेलात आणि मी एकटीच राहिले. त्या जोडावरचा उंचवटा माझ्या डोळ्यांत खुपत होता. दसऱ्याला सगळ्यांच्या गाड्या झेंडूच्या माळा घालून उभ्या राहणार आणि आमची ही अशी खडबडीत! घेतला ग्राइंडर, घासून घासून जोड पाईपच्या बरोबरीला आणला, कुठं थोडा आतही गेला असेल, आणि वर काळा रंग मारला. काय चकाकत होती आण्णा. माझं मलाच कौतुक वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. वेल्डिंग मशीन, ग्राइंडर, घण, पाने, सगळं धुऊन हळदीकुंकू लावून पाटावर मांडलेलं. तुम्ही गाडीपाशी आलात, जोडावरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडं बघितलंत. मशीन पाच पावलांवर होतं, पण पूजेला मांडलेलं हत्यार त्या दिवशी उचलायचं नाही, तुमच्या बापानं उचललं नव्हतं, तुम्हीही उचललं नाहीत. दादाला एवढंच म्हणालात, "दोन दिस गाडी भाईर काढू नगंस. मला जोड परत बघायचाय." तो हसला. दसऱ्याला माळ घातली आणि यमाईच्या दर्शनाला म्हणून औंधला गेला. उतारावर चिमटा तुटला.

दवाखान्यात सगळं घराणं गोळा झालं होतं. थोरल्या चुलत्यांनी विचारलं, "कसं काय तुटलं रं?" आणि तुम्ही मान वर करून सगळ्यांसमोर म्हणालात, "माज्या हातची चूक." मी चहाची किटली घेऊन तिथंच उभी होते. दादाचा गुडघा काही परत वाकला नाही, फौजेच्या मेडिकलमध्ये तो बाद झाला, घरी येऊन बसला. तुम्ही समोरून आलात की रस्ता बदलायचा. गावात ट्रॉलीची गिऱ्हाइकं दुसरीकडं वळली. एकदा स्वयंपाकघरात, तुम्ही भाकरी खात असताना, मी म्हणाले, मी सांगते सगळ्यांना. तुम्ही असे काही खेकसलात की आईच्या हातातून उलथनं पडलं. "गप बस! तुजं नाव निघालं तर उद्या कोण उभं करील तुला शेडात? आन् मशीन पूजेत हाय म्हणून हात बांधून बसलो, ती चूक कुणाची?" मी गप्प बसले. लहान होते, हे कारण मी स्वतःला देत आले. पण तिसाव्या वर्षीही गप्पच होते, त्याला काय कारण द्यायचं? तुमच्या त्या गप्प बसवण्यावर माझा सगळा धंदा उभा राहिला. मला ते कळत होतं आणि ते सोयीचं होतं.

ही गाडी करायला पाच महिने लागले. शॉकअपच्या बैठका तीनदा बदलल्या. चिमट्याचे जोड जसेच्या तसे ठेवले, ग्राइंडर जवळ आणला नाही. सिमेंटच्या दोन गोण्या सीटवर बांधून कुपवाडच्या खड्ड्यांतून फिरवून आणली, घण मारून ऐकलं, भिंग घेऊन बघितलं. परवा दादा एसटीनं आला. बिनरंगाची गाडी बघून म्हणाला, "लय भारी झालीय गं." मग काठी टेकत खाली वाकला, जोडावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "हे बेस केलंस. काकागत हयगय केली न्हाईस."

मी हातातला पाना खाली ठेवला. म्हटलं, दादा, आण्णांनी हयगय केली नव्हती. मी घासला होता जोड. रंगही मीच मारला होता. आण्णांनी मला पाठीशी घातलं.

मला वाटलं तो शिव्या देईल, काठी उगारेल. तयारीच केली होती मी. तो रंगाच्या डब्यावर बसला. त्याच्या पायाबद्दल एक शब्द बोलला नाही, आण्णा. फौजेबद्दलही नाही. म्हणाला, "मी काकाच्या मातीला आलो न्हाई गं. घरात बसून हुतो. समोरनं तिरडी गेली, दार लावून घेतलं मी. त्याचं काय करू आता?" आणि तोंडावर टॉवेल घेऊन रडायला लागला. गाडी न नेताच गेला. येईल, न येईल.

हे पत्र कुणाला द्यायचंही नाही, म्हणून शेवटचं एवढं लिहून टाकते. तुमच्या मातीच्या दिवशी सगळी भावकी दादाला नावं ठेवत होती, सख्खा पुतण्या असून खांदा द्यायला आला नाही म्हणून. मीही ठेवली, सगळ्यांच्यात मोठ्यानं ठेवली. पण खरं सांगू? तिरडी त्याच्या दारावरून पुढं गेली आणि दार बंदच राहिलं, तेव्हा मला हायसं वाटलं होतं. तुमच्यासमोर त्याच्या तोंडाकडं बघायची पाळी माझ्यावर आली नाही.