न निवणारा झोत

तीर्थरूप मामांस साष्टांग नमस्कार.

मामींचा गुडघा कसा आहे? त्यांना जिना टाळायला सांगा. (त्या ऐकणार नाहीत, पण मी सांगितल्याची नोंद राहील.) माझी तब्येत ठीक आहे.

एवढ्या मोठ्या प्रयोगशाळेत तू नक्की करतोस काय, असं तुम्ही विचारलंत. मी रोज सकाळी आठ वाजता एका पेटीवरचे आकडे वहीत उतरवतो. इथल्या विद्वानांना वीस वर्षांनी कणांची टक्कर घडवणारं एक अवाढव्य यंत्र बांधायचं आहे (जागा ठरलेली नाही, पण सत्कार कोणाचा यावरून भांडण होऊन गेलं). त्याची ही रंगीत तालीम. नळीतून प्रोटॉनांचा झोत धावतो, पण शिस्त म्हणून नाही. कुणी पुढे, कुणी मागे, कुणी तिरका. या धक्काबुक्कीलाच हे लोक उष्णता म्हणतात. मग शेजारून शांत इलेक्ट्रॉन अगदी त्याच वेगाने सोडायचे. ते सगळा ताप अंगावर घेतात आणि झोत निवतो. (आपल्या घरी हे काम मामी करतात.) इलेक्ट्रॉनांचा वेग त्या पेटीच्या व्होल्टेजवर ठरतो. बारावी नापासाला कळतं ते इतकंच.

तर दोन महिने झोत काही निवेना. तीन समित्या बसल्या. पहिलीने पाण्याच्या पंपाला दोष दिला, दुसरीने रस्त्यावरच्या ट्रकांना, तिसरीने पहिल्या दोघींना. एवढ्या पदव्या, पण उठून पेटीपाशी कुणी गेलं नाही! शेवटी आमच्या मुख्य बाई म्हणाल्या, “वायरमनने जोड कच्चे ठेवलेत.” झालं. वायरमन काकांना निवृत्तीला आठ महिने उरलेत, मला डबा खायला शेजारी बसवणारे इथे तेवढेच एक. आता ते सुट्टी झाल्यावरही बॅटरी घेऊन जोड तपासत बसतात. काल म्हणाले, “माझंच चुकलं असेल रे. हात कापतात हल्ली.” वीस तारखेला त्यांना काढायचं की नाही ते ठरणार. अशा विद्वानांपुढे काय डोकं फोडायचं!

घरातल्या सर्व वडीलधाऱ्यांना नमस्कार, आणि मामींच्या गुडघ्याला वेगळा.

आपला भाचा

ता. क. रोज यंत्र सुरू झालं की पेटीवर आकडा आपोआप ३९,९६३ वर यायचा. वहीत तो फार ओबडधोबड दिसे. म्हणून दोन महिने मी रोज सकाळी बटण किंचित फिरवून पूर्ण ४०,००० करून मगच लिहीत होतो.

ता. क. दुसरा. परवापासून मी बटणाला हात लावलेला नाही. झोत छान निवतो. त्यामुळे बाईंची खात्रीच पटली, की काकांनी जोड गुपचूप दुरुस्त केले.

ता. क. तिसरा. सोबतच्या पाकिटात माझा कबुलीजबाब आहे, बाईंच्या नावे. त्यांची खोली माझ्या टेबलापासून सात पावलांवर आहे. तीन वेळा मोजली, दारातून परत आलो. तिकीट लावलं आहे. कृपा करून तिकडून टपालपेटीत टाका, आणि आजच टाका. वीसच्या आत पोचायला हवं.