अठ्ठेचाळीस एकादश्या

अग्रहार, म्हैसूर
१४ जानेवारी २०२४

प्रिय सुगुणा,

एकाच घरात राहून आई पत्र लिहिते म्हणून हसू नकोस. तोंडानं सांगायला गेले की मला आधी रडू येतं, मग तू कॉफी करायला उठतेस आणि विषय तिथंच राहतो. मराठी वाचताना तू अडखळतेस, म्हणून अक्षर मोठं काढलंय. सावकाश वाच.

उद्या संक्रांत. दोन वर्षांपूर्वी याच सणाला तू अमेरिकेहून परत आलीस. विद्यार्थी म्हणून मिळालेला तुझा व्हिसा संपला होता, आणि त्याची अटच अशी होती की आपल्या देशात दोन वर्षं काढल्याशिवाय तिथं नोकरीला जाता येणार नाही. हे तू पहिल्याच दिवशी सांगितलंस. माती तपासायच्या तिथल्या एका प्रयोगशाळेनं तुझी जागा राखून ठेवलीय, हेही सांगितलंस. मी म्हणाले, "आयतु, चालेल, दोन वर्षं तर दोन वर्षं." आणि त्या दिवसापासून मोजायला लागले.

एकादशीला आपल्या घरात कुणी सुईला हात लावत नाही, मशीन झाकलेलं असतं. हात रिकामे, म्हणून कपाटाच्या दाराला आतून कापडावर आखायच्या खडूनं एक रेघ ओढायची, असं मी ठरवलं. महिन्याला दोन, वर्षाला चोवीस, दोन वर्षांच्या अठ्ठेचाळीस. पहिल्या वर्षी वाटायचं, चला, पोरीची सुटका जवळ आली. दुसऱ्या वर्षी मात्र खडू उचलायचं जिवावर यायला लागलं. तू कुवेंपुनगरच्या कॉलेजातून शिकवून यायचीस आणि माझ्याजवळ बसून ब्लाउजांना हूक लावायचीस. ते हूक मी दुसऱ्या दिवशी तू गेलीस की उसवून पुन्हा लावायचे, हे आज कबूल करते. पण तू जवळ बसलेली मला हवी होतीस, म्हणून बोलले नाही.

वैकुंठ एकादशीला अठ्ठेचाळिसावी रेघ ओढली. तुझी बॅग माळ्यावर होती तशीच. मला किती आनंद झाला म्हणून सांगू! दुसऱ्या दिवशी पुरण वाटून ओबट्टू केले, गल्लीत वाटले, शेजारच्या मालतीबाईंना ऐकवलं की मुदत संपली तरी माझी पोर गेली नाही, माझ्यासाठी राहिली. तू दारातच उभी होतीस. तू ऐकलंस आणि माझ्या हातातलं ताट घेतलंस.

गेल्या रविवारी, त्यानंतरच्या एकादशीला, विठोबाच्या देवळात मी तेच पुजारी रघुनाथरावांना सांगायला गेले. त्यांनी पंचांग उघडलं, बोटावर मोजलं आणि म्हणाले, "अय्यो अक्का, मधे अधिक श्रावण आला की! त्याच्या दोन एकादश्या जास्तीच्या, त्यापण धरल्या काय तुम्ही?" धरल्या होत्या. जन्मभर एकादश्या करणारी मी, अधिक महिना विसरले. तुझी दोन वर्षं संक्रांतीला पुरी होणार होती. म्हणजे मी ओबट्टू वाटले तेव्हा तुला जायची परवानगीच नव्हती. तू तेव्हाच मला का सांगितलं नाहीस म्हणून मला तुझा राग आला, दुपारभर तुझ्याशी बोलले नाही, आठवतंय ना? तुला वाटलं उपासानं डोकं दुखतंय.

राग गेला तो परवा. गच्चीवर वाळलेले कपडे काढायला आले तर तू फोनवर बोलत होतीस. तुझं ते भराभर इंग्रजी मला कुठलं कळायला, पण 'मदर', 'अलोन' आणि 'लास्ट डेट सिक्स्टीन्थ' एवढं कळलं, आणि तुझा आवाजही कळला. सोळा तारखेपर्यंत त्या प्रयोगशाळेला होकार कळवायचा होता, आणि तू नकाराची तयारी करत होतीस. माझे ओबट्टू खोटे पडू नयेत म्हणून. गल्लीत माझं हसं होऊ नये म्हणून.

बाळा, मी काही देवी नाही. तू गेलीस की घर खायला उठेल, आणि मी मालतीबाईंकडे बसून तुझ्या नावानं रडेन, ते मी लपवणार नाही. पण मी मोजायला चुकले म्हणून तू आयुष्य बदलू नकोस. तुझ्या तोंडाकडे बघत हे सांगितलं असतं तर शेवटी 'राहा' असंच म्हणाले असते. म्हणून उद्या पहाटेच्या बसनं हुणसूरला अंबूताईकडे चाललेय. संक्रांतीच्या एळ्ळु-बेल्लाच्या, तिळगुळाच्या डब्याखाली हे पत्र ठेवलंय, बॅग माळ्यावरून काढून पुसून ठेवलीय. सोळाला संध्याकाळी मी परत येईन, तोवर तुझा होकार गेलेला असू दे. कपाटाच्या रेघा मी ओल्या फडक्यानं पुसल्या. पुढच्या वेळी कुणी कसली अट घातलेली नसताना घरी ये, आठ दिवसांसाठी का होईना. ते दिवस मी मोजणार नाही.

तुझीच, अधिक महिना विसरलेली,
आई